विंगेतून दिलेलं वाक्य

अण्णा, तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात व्हिडिओ गेम म्हणजे शेजारच्या पोरांचं खूळ होतं. तुमची मुलगी पुढे त्यावरच पोट भरणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तर बटणांच्या डब्यावरून मान न उचलता तुम्ही म्हणाला असतात, "सरी, बरंय, म्हणजे बटणांचाच धंदा पुढे चालवतेय." तर चालवतेय. जयनगरचं आपलं बटणं-लेस-अस्तराचं दुकान कधीच गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी बेंगळुरातच, एचएसआर लेआउटमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात जाते आणि गेमच्या गोष्टी लिहिते. माझ्याभोवती सगळी माझ्यापेक्षा लहान माणसं, कानात सतत काहीतरी घातलेलं, आणि हाक मारली की आधी ते काढणार आणि मग "काय?" म्हणणार. तुम्हाला ती आवडली असती. मला रोज आवडतात असं नाही.

आमचा आत्ताचा गेम विनोदी आहे आणि तो तुमच्यावर आहे. तुमचं नाव नाही त्यात, चेहराही नाही. पण खेळणाऱ्याला व्हावं लागतं प्रॉम्प्टर, तुमच्यासारखा. गणपतीत मंडळाचं हौशी नाटक चाललेलं असतं आणि खेळणारा विंगेत उभा. त्याला नट नेहमी बाजूनेच दिसतात, एक कान, अर्धी मिशी. नट अडखळला की स्क्रीनवर तीन वाक्यं येतात, त्यातलं एक त्याला कुजबुजून द्यायचं. बरोबर दिलं तर नाटक सरळ पुढे जातं. चुकीचं दिलं तर खरी गंमत: हवालदार चोर पकडायचं सोडून सासूबाईंना मागणी घालतो, सासूबाई लाजतात, आणि पुढचा अंक त्या लग्नाच्या तयारीचा होऊन बसतो. लिहिताना मी एकटीच खुदुखुदु हसायचे. वाटायचं, अण्णांना दाखवायला हवं होतं.

मग आम्ही माणसं बोलावून गेम खेळायला बसवली. आमची प्रोड्यूसर, म्हणजे वेळापत्रक आणि माझं डोकं दोन्ही जिच्या ताब्यात आहे ती पुण्याची मुलगी, संध्याकाळी माझ्या टेबलाशी आली. "अगं, सगळे हसतायत. खूप हसतायत. पण अर्ध्यात सोडून जातायत."

"का?"

"विचारलं ना मी. म्हणतात, फनी आहे, मस्त आहे. मग सोडलंत का? तर म्हणतात, असंच."

असंच! कपाळ माझं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. माणसं हसली, पाणी प्यायली आणि उठून गेली. त्या दिवशी घरी येताना होसूर रोडच्या गर्दीत बस अडकली होती आणि मी खिडकीशी बसून अगदी रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं मी लोकांना हसवते म्हणून मिरवतेय, आणि माझ्या हसवण्यात थांबावं असं कुणाला वाटत नाही.

तेव्हा तुमचं ते स्वयंपाकघरातलं बोलणं आठवलं. थंडीचे दिवस आहेत, आईने वालाचे अवरेकाळू भिजवलेत, आणि आपण तिघं परात मध्ये घेऊन सालं काढत बसलोय. चिमटीत दाबला की दाणा टुणकन उडतो आणि आई ओरडते. मी कॉलेजात, सगळं कळतं अशा वयात. मी विचारते की दरवर्षी तेच तेच फार्स काय करता हो अण्णा, नुसती हसवाहसवी. तुम्ही दाणा सोलता आणि म्हणता, "नुसतं हसवायचं तर गुदगुल्या केल्या तरी माणूस हसतो. पण गुदगुल्या करणाऱ्याकडे कुणी पुन्हा जातं का? फार्सात माणूस लागतो. त्याला काहीतरी हवं असतं आणि ते त्याला काही केल्या मिळत नाही. त्याची फजिती बघून आपण पोट धरून हसायचं, आणि हसता हसता वाटायला हवं, अरे, मिळू दे की याला." आई म्हणते, "मिळू दे की याला म्हणे! आधी साल नीट काढा." मी हसले होते, आईच्या बोलण्याला. तुमचं बोलणं कानात राहून गेलं असेल, मला पत्ता नव्हता.

माझ्या गेममध्ये माणूसच नव्हता, अण्णा. मिशा होत्या, सासूबाई होत्या, धावपळ होती. कुणाला काही हवं नव्हतं. आणि ते लक्षात आल्यावर जो माणूस डोळ्यांपुढे आला, त्याला आणायची मला भीती वाटत होती. बँकेतले काका.

मंडळाच्या प्रत्येक फार्साचे नायक तेच. बेळगावकडचे, बोलण्यात "होय की" आणि "बस की", आणि स्टेजवर नुसते उभे राहिले तरी लोक हसायचे. तुमचे जिवलग. त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांची बायको गेली. आम्हा सगळ्यांची ती अक्का. गणपतीच्या नाटकात या वेळी दुसऱ्याला घ्या असं मंडळात सगळे म्हणाले. काका ऐकेनात. नाटक कोणतं, तर बायको रुसून माहेरी गेलेली आणि नवरा घरी एकटा स्वयंपाक करतोय. मी आणि आई पुढे सतरंजीवर. काकांनी आमटीची पळी तोंडाला लावली, तोंड वाकडं केलं. लोक हसले. आता वाक्य होतं, "मीठ कुठे ठेवलंय, ते तिलाच विचारायला हवं." काका थांबले. लोक आणखी हसले, कारण काकांचं थांबणंच तसं असायचं. मीही हसत होते. मग आई हसायची थांबली आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

आणि तुम्ही वाक्य दिलंत. वर टांगलेल्या माइकने ते उचललं आणि अख्ख्या हॉलला तुमचं कुजबुजणं ऐकू गेलं, "मीठ कुठे ठेवलंय..." हॉल असा फुटला म्हणता! काका विसरले, काका विसरले! त्यांनी वाक्य म्हटलं, नाटक शेवटपर्यंत नेलं. मागच्या खोलीत अर्धा रंग पुसलेल्या तोंडाने ते तुम्हाला एवढंच म्हणाले, "मी विसरलो नव्हतो." तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं."

तेच तुम्ही, जे नव्या प्रॉम्प्टरांना शिकवायचे की नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नाही, स्वल्प थांब, मग दे. पुढच्या वर्षी तुम्ही विंगेत गेला नाहीत. डोळे अधू झाले म्हणालात. दुकानात मात्र काळ्या बटणांच्या ढिगातून एक निळं बटण बरोबर उचलत होतात. आणि आल्यागेल्याला स्वतःचीच टर उडवून सांगायचात, "अख्ख्या बेंगळुरात प्रॉम्प्टरला टाळ्या मिळाल्या त्या फक्त मला!" लोक हसायचे. काका आणि तुम्ही रस्त्यात भेटलात तर "कसं काय, बरं आहे" यापलीकडे गेला नाहीत. तुम्ही गेलात तोवर तसंच राहिलं. मला एवढंच विचारायचं होतं: काका विसरले असं तुम्हाला वाटलं, की त्यांना ते वाक्य म्हणवत नाही हे तुम्हाला कळलं होतं?

मी ते गेममध्ये घातलं. पहिल्या अंकापासून नायकाची बायको गेलेली आहे, मंडळी त्याला नको नको म्हणतायत आणि तो हट्टाने उभा आहे. विनोद तेच ठेवले, सासूबाईंचं लग्नसुद्धा. फक्त आता खेळणारा चुकीचं वाक्य देताना आधी त्या माणसाकडे बघायला लागला. आणि अण्णा, लोक उठून जायचे थांबले! शेवटचा प्रवेश येतो, तो पळी घेऊन उभा राहतो, हॉल हसतोय, आणि स्क्रीनवर या वेळी तीन नाही, एकच वाक्य. द्या किंवा देऊ नका. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात काम करणारा एक धिप्पाड गृहस्थ आला होता खेळायला, त्याने बटण दाबलं आणि माझ्याकडे वळून अपराध्यासारखा म्हणाला, "मी चुकलो का?" मी काय सांगणार, डोंबल?

कारण न दाबलं तर काय होतं, ते मी लिहिलंच नव्हतं. थांबणाऱ्यासमोर चित्र नुसतं गोठून राहायचं. प्रोड्यूसर म्हणाली, "हे बघ, सीन भारी आहे, पण लोक कन्फ्यूज होतायत. सोमवारपर्यंत ठरव. दाबणं बरोबर की न दाबणं बरोबर? आणि कुणी फार वेळ थांबलं तर हिंट टाकू, 'आता वाक्य द्या' म्हणून."

"प्रॉम्प्टरलाच प्रॉम्प्ट करायचं?"

"चिडू नकोस ना. नाहीतर सीन काढू आणि लग्नाच्या नाचावर संपवू. लग्न सगळ्यांना आवडलंय."

ती वाईट नाही. तिचंही बरोबर आहे, गोठलेलं चित्र कुणी विकत घेत नाही. पण तो प्रवेश गेला तर माझ्याकडे पुन्हा गुदगुल्याच उरतात. म्हणून आज रविवारी, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला, मी काकांकडे गेले.

ते अजून जयनगरातच आहेत, मुलाकडे. फार थकलेत. पण मला ओळखलं, "ये की पोरी, बस की," आणि सुनेला कॉफी ठेवायला सांगितलं. मी त्या नाटकाचं नाव काढलं मात्र, म्हातारा खुलला. मंडळाचं गळकं छत, चिकटवलेली मिशी घामाने ओठावर कशी उतरली, सगळं हातवारे करून. हसून हसून पुरेवाट झाली माझी. मग पळीवर आले. रिकाम्या हाताने पळी तोंडाला लावली, तोंड वाकडं केलं, आणि थांबले.

हात तसाच वर. डोळे माझ्याकडे नाहीत, कुठेच नाहीत. स्वयंपाकघरात सून भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. मला ते वाक्य पाठ आहे, मीच गेममध्ये लिहिलंय. मी स्वतःला सांगत होते, स्वल्प थांब, थांब गं. आणि माझ्या तोंडून गेलं, "मीठ कुठे ठेवलंय..."

काकांचा हात खाली आला. "मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले, आणि चांगलेच रागावले होते.

"चुकलं माझं, काका," मी म्हटलं.

मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. पूर्ण म्हटलं, आणि तिथून गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. निघताना दारापर्यंत आले, चौकटीला धरून. म्हणाले, "तुझा अण्णा परत का आला नाही गं? पुढच्या वर्षी स्टेजवर गेलो, सवयीने विंगेकडे बघितलं. तिथं दुसराच कोण उभा. मग मी कधी बघितलंच नाही तिकडं." मी चपला घालत होते. मला बराच वेळ पट्टा लागेना.

अण्णा, तुम्हाला काहीच कळलं नव्हतं, हो ना? विसरले की अडले, काहीच नाही. तुम्हाला फक्त बघवलं नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला कधी चुकलेला प्रॉम्प्टर समजत आले आणि कधी थोर मित्र, आणि तुम्ही विंगेत उभे होतात, माझ्यासारखेच, तोंडात वाक्य धरून. पण मग परत का गेला नाहीत? एक टर उडवून मोकळे झालात. त्यांना ती टर नको होती हो, तुम्ही हवे होतात. याचा मला राग येतोय, आणि तो आता कुणावर काढू?

घरी आले आणि ती न लिहिलेली बाजू लिहून टाकली. बरोबर-चूक काही नाही, हिंट नाही. वाक्य दिलं तर तो घेतो आणि नाटक पुढे जातं. नाही दिलं, तर हॉलचं हसू हळूहळू विरतं, कुणीतरी खोकतं, आणि तो पळी धरून मान वळवतो आणि विंगेकडे बघतो. पूर्ण गेममध्ये पहिल्यांदाच त्याचा अख्खा चेहरा समोर येतो, खेळणाऱ्याकडे बघणारा. बस, एवढंच. उद्या प्रोड्यूसरला दाखवीन. तिने काढायचं म्हटलं तर भांडीन, चांगली कडकडून.

हे सगळं मी त्याच प्रवेशाच्या खाली टाइप करत बसलेय, सकाळी फाइल द्यायच्या आधी पुसून टाकीन. फक्त एक आहे. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला? प्रवेश जुळवून झाल्यावर मी तो पुन्हा पुन्हा खेळून बघितला, काम म्हणून बघायलाच हवा होता. दर वेळी तो थांबतो, लोक हसतात, आणि त्याची मान हलायच्या आत मी वाक्य देऊन टाकते. तो चेहरा मी अजून बघितलेला नाही.