दीपमाळेची राख

२४ ऑगस्ट, रविवार

हिच्या नावाचं झाड असतं हे मला आज कळलं. आणि कळलं ते शालिग्रामकडून!

शालिग्राम म्हणजे मागच्या घरात राहायला आलेले गृहस्थ. धुळ्याला बँकेत मॅनेजर होते, निवृत्त होऊन अमळनेरला आले. विधुर. अंगात सदैव जाकीट, आणि मागच्या अंगणात औषधी झाडांचं रान. सकाळी ही कपडे वाळत घालत होती. कुंपणावरून आवाज आला — ‘वहिनी, हे बघा, तुमच्या नावाचं झाड! दीपमाळ.’

दीपमाला हसली. हातात चिमट्यांची टोपली, आणि हसली — लग्नाच्या फोटोत हसली आहे तशी.

आता झाड म्हणजे काय? पारोळा रस्त्याने, रेल्वेच्या कडेने जागोजाग उभं असतं. पुरुषभर उंच, सरळ दांडा, त्यावर अंतराअंतराने काटेरी गोळे. सप्टेंबरात त्या गोळ्यांतून नारिंगी फुलं निघतात. देवळापुढच्या दीपमाळेसारखं दिसतं, म्हणून दीपमाळ. मी जन्मभर पाहत आलोय. कॉलेजात संस्कृत शिकवतो, धुळ्याच्या पेपरात दर आठवड्याला अमळनेरचं वार्तापत्र लिहितो. शब्द हा माझा धंदा. आणि सव्वीस वर्षांच्या संसारात हे एक वाक्य मला सुचू नये?

ते वाक्य माझं होतं!

२६ ऑगस्ट, मंगळवार

जुने निघंटू काढले. दीपमाळ नाही. कशी असेल! शालिग्राम म्हणतात, मूळची आफ्रिकेतली, तिकडच्या उष्ण भागातली. केव्हातरी इकडे आली आणि पसरली. मला बरं वाटलं. हिला म्हणालो, ‘तुझं झाड उपरं निघालं.’

‘मी तरी कुठे अमळनेरची? शिंदखेड्याहून आणलीत ना?’

उत्तर चांगलं होतं. हल्ली उत्तरं चांगली येतात. सराव कुठे होतो तेही माहीत आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

कुंपणावरून तीन रोपं आली. तुळशीवृंदावनाच्या उजव्या अंगाला हिने स्वतः खड्डे केले. मी कुंडीतलं वाळलेलं पान काढ म्हटलं तर हिची कंबर दुखते. प्रत्येक रोपाशी शालिग्रामांच्या हातची पाटी — ‘दिपमाळ’. ऱ्हस्व! हिच्या दाखल्यावरही दि ऱ्हस्वच आहे. लग्नापासून मी दीर्घ करतोय, ही सही ऱ्हस्व करते. आता तिला दुजोरा मिळाला.

भांडी घासायला येणाऱ्या कमलबाई तेवढ्या माझ्या बाजूच्या. हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, ‘ओ वहिनी, ह्या काटाना झाडले पाणी घाली राहिनात? आम्हना बांधवर बठ्ठं हाईच शे. बकऱ्या बी तोंड लावतस नहीत!’

कमलबाईंच्या बांधावर सगळं हेच माजलंय म्हणे. बकऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

७ सप्टेंबर, रविवार

हिच्या डाव्या हाताला, कोपराच्या जरा खाली, एक फिकट चट्टा आहे. उन्हाळ्यापासूनचा. मी तेव्हाच सांगितलं होतं — गजकर्ण आहे, मलम लाव. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा संपल्या, चट्टा वाढला. आता ही कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घेते. मी ‘बघू’ म्हटलं तर म्हणाली, ‘काय बघायचंय त्यात?’

शालिग्रामांना मात्र दाखवला! त्यांचा उपाय असा — दीपमाळेची गेल्या वर्षीची सुकलेली बोंडं जाळायची, राख चाळायची, दह्यात कालवून लेप द्यायचा. ‘आग होईल, वहिनी. झोंबेल. पण सोसा.’ हे मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकलं. मुद्दाम नाही. पाणी पीत होतो. दोन तांबे प्यालो.

१० सप्टेंबर, बुधवार

आज माझा दिवस! झाडाचं शास्त्रीय नाव पाहिलं — लिओनोटिस. ग्रीक. अर्थ, सिंहाचा कान. म्हणजे झाड सिंहकर्ण, आणि रोग गजकर्ण! आमच्या कवींचा सिंह शेकडो वर्षं हत्तीचं गंडस्थळ फोडतोय, इथे नुसत्या कानाने काम होतंय. आंघोळ करता करताच ओळ झाली —

सिंहकर्णस्य भस्मेदं गजकर्णविनाशनम् ।

सिंहाच्या कानाची ही राख हत्तीच्या कानाचा नाश करते. बिनचूक अनुष्टुभ. अंग न पुसताच बाहेर आलो आणि हिला म्हणून दाखवली.

ही हातावर लेप लावून ओट्याशी बसली होती. हसली नाही. म्हणाली, ‘आग होत नाही हो.’

‘मग उत्तमच की! सौम्य औषध.’ आणि ओळ पुन्हा म्हटली, या खेपेला चालीवर.

‘छान आहे,’ म्हणाली. उठली, आणि तशीच लेपाच्या हाताने मागच्या दाराने गेली. कुंपणाकडे.

पुरस्कार माझा, आणि समारंभ त्यांच्या अंगणात!

१४ सप्टेंबर, रविवार

शालिग्राम रस्त्यात भेटले. एरवी ‘काय म्हणतं पाणिनीचं गाव?’ असं काहीतरी ठरलेलं असतं. आज जाकिटाच्या खिशात हात घालून नुसते उभे राहिले. ‘तुमची ओळ ऐकली, सर. चांगली आहे.’ आणि नजर चुकवून निघून गेले.

माणूस मित्राची नजर केव्हा चुकवतो? नाटकं शिकवतो मी. पाठ आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

लिहू की नको, असं झालंय. लिहितो.

दुपारी जरा पडलो होतो. जाग आली तर ही घरात नाही. मागच्या खोलीच्या खिडकीशी गेलो. त्यांच्या ओसरीवर दोन खुर्च्या, समोरासमोर. हिचा डावा हात त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर, बाही वर सारलेली. हिचे डोळे मिटलेले. आणि ते गृहस्थ तिच्या हातावरून पीस फिरवत होते. मोराचं पीस! बासरी तेवढी राहिली!

‘इथं?’ ते विचारत होते. अगदी हलक्या आवाजात. ‘आणि आता? आता, वहिनी?’

हिने मान नुसती हलवली, एकदा, दोनदा. मग डोळे उघडून हाताकडे बघत राहिली, आणि गालावरून पाणी आलं.

स्तंभ, वैवर्ण्य, अश्रू. सात्त्विक भाव आठ असतात, दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. एका खिडकीतून तीन दिसले. उरलेले पाच पाहायची छाती झाली नाही. पडदा ओढला आणि पलंगावर जाऊन झोपल्याचं सोंग केलं. ती आली तेव्हा घोरून दाखवलं.

घोरणं खरं वाटलं असावं. तिने अंगावर चादर टाकली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ही आणि शालिग्राम सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. ‘नर्सरी बघायचीय,’ असं दारातून सांगितलं, चप्पल घालता घालता. संध्याकाळी परत. हातात एक रोप नाही! नर्सरीतून रिकाम्या हाताने आलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही.

‘आवडलं नाही काही?’

‘गर्दी होती.’

वार्तापत्रात या आठवड्याला गटारींविषयी लिहिलं. फार कडक झालंय. संपादकांचा फोन, ‘सर, आज अगदी पेटलात!’

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं वाटली. शालिग्रामांनी हिच्या हातावर पान ठेवलं आणि म्हणाले, ‘वहिनी, सगळं सोन्यासारखं होईल.’

सगळं म्हणजे काय काय?

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा धुळे. पुन्हा रोप नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दीपमाळ फुलली. तिन्हीच्या तिन्ही. खालच्या गोळ्यापासून वरपर्यंत नारिंगी चूल पेटल्यासारखी. इवलासा काळानिळा पक्षी येतो, फुलात वाकडी चोच घालून लटकतो. मी चहाचा कप घेऊन तासभर बघत बसलो. झाड सुंदर आहे, हे शत्रूचं असलं तरी म्हणायला हवं.

गंमत अशी की ही बघतच नाही. लेप बंद झालाय. राखेची बरणी मोरीशेजारी पडून आहे. ‘तुझं झाड फुललंय,’ म्हणालो, तर ‘हो का?’ म्हणाली आणि गॅस बारीक केला.

म्हणजे झाडाचं निमित्त होतं! काम झालं, झाड सुटलं. मी मात्र आता त्या झाडांना पाणी घालतो. कोणीतरी घालायला हवं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. फराळ केला, पण चकलीला हिचा हात लागला नाही, कमलबाईंकडून पाडून घेतल्या. मी चेष्टेने म्हणालो, ‘यंदा हात राखून ठेवलाय वाटतं, कुणासाठी?’

हिने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा विनोद गिळला.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. गल्लीतली माणसं आमच्याच अंगणात जमतात. मंगलाष्टकं म्हणायला फुकटचा संस्कृतवाला घरात आहे. तुळस नटली. पाटावर नवरदेव — शाळिग्राम! दगडाचा. आणि दुसरा जाकिटातला, हिच्या मागे दोन पावलांवर, अक्षता घेऊन उभा.

जीभ आवरली नाही. म्हणालो, ‘शालिग्रामभाऊ, असे मागे का? आज नवरदेव तुम्हीच. या, पाटावर या!’

बायका खो खो हसल्या. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. ही अंतरपाटाचं एक टोक धरून होती. ते तिच्या हातातून सुटलं, तिला कळलंच नाही. शालिग्रामांनी वाकून उचललं, पुन्हा तिच्या हातात दिलं. मी ‘सावधान’ म्हणालो. आवाज फाटला.

सगळे गेल्यावर ते थांबले.

‘सर, चेष्टा पुरे आता. वहिनींना एकदा विचारा.’

‘काय विचारू?’

‘त्या सांगतील. मी शब्द दिलाय त्यांना.’

‘शब्द देण्याइतकं पुढे गेलंय?’ मी म्हणालो. हसत म्हणायचं होतं, हसू आलं नाही.

त्यांनी हातात उरलेल्या अक्षता वृंदावनात टाकल्या. ‘तुम्ही हुशार माणूस,’ म्हणाले, ‘पण बायकोच्या बाबतीत अगदीच ढ.’ आणि गेले.

विचारलं मी. ही भांडी आवरत होती. म्हणाली, ‘सगळ्यांदेखत असं बोलायचं होतं तुम्हाला? तेही त्यांच्याबद्दल?’

‘त्यांच्याबद्दल’ म्हणाली. ‘माझ्याबद्दल’ नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

ही कमलबाईंना सांगत होती, उद्या पुन्हा धुळ्याला जायचंय. उद्या मंगळवार. उद्या मीही स्टँडवर जाणार. कॉलेजला रजेचा अर्ज दिला. कारण — कौटुंबिक.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोघं धुळ्याच्या गाडीजवळ उभी होती. काय बोलायचं ते रात्रीच ठरवलं होतं, तीन वाक्यं, एकेक घासून पुसून. मला पाहून शालिग्राम म्हणाले, ‘आलात? बरं झालं. मग माझं काय काम?’ आणि खरंच रिक्षात बसून गेले!

माझी तिन्ही वाक्यं वाया गेली. हिने खिडकीकडची जागा मला दिली. धुळे येईपर्यंत बोलली नाही. उतरून रिक्षावाल्याला मात्र स्वच्छ सांगितलं — ‘सरकारी दवाखाना.’

५ नोव्हेंबर, बुधवार

गजकर्ण नव्हताच. कुष्ठरोग आहे. डॉक्टरीणबाईंनी मला शेजारी बसवून नीट सांगितलं — लवकर सापडलाय, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरूही झाल्यात. शालिग्रामांच्या थोरल्या बहिणीला झाला होता. राखेची आग होत नाही, एवढं ऐकून त्यांनी ओळखलं.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं होतं. तुम्ही ओळ म्हणत होता.’

संध्याकाळी ओसरीवर बसलो. हिने बाही वर केली, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘ठेवा बोट. घाबरू नका.’

मी ठेवलेलंच होतं.