मोठ्या सिस्टरांची बोलणी

मंगळवार, ४ जून

आज सगळ्यांसमोर अशी खरडपट्टी निघाली की ऑपरेशन थिएटरच्या फरशीत गडप व्हावंसं वाटलं. अकरा वर्षं नर्स आहे मी!

चूक माझीच. पोटाचं ऑपरेशन. घाईत रक्त टिपायच्या एका गॉजचे, जाळीदार कापडाचे, कात्रीने दोन तुकडे केले — छोट्या जागेत मावावेत म्हणून. शेवटी मोजले. दहा दिले होते, दहा परत आले. "बरोबर," मी म्हणाले. डॉक्टर टाके घालणार, इतक्यात मोठ्या सिस्टरांनी त्यातला एक उचलून दिव्यासमोर धरला. अर्धाच! उरलेला अर्धा अजून आत, बाईच्या पोटात.

"आकडा जुळला की झालं का तुझं? ही बाई काय उशी आहे, भरून शिवायला?"

तुकडा निघाला. सिस्टरांचं तोंड मात्र थांबेना.

बुधवार, ५ जून

त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना पत्ताही नाही!

गुरुवार, ६ जून

नवरा म्हणाला, "कशाला ऐकून घेतेस? बदली माग." अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय.

शनिवार, ८ जून

वॉर्डात गेले होते. ती बाई उशीला टेकून बसलेली, नवऱ्याला झापत होती. "किल्ली विसरलात, चष्मा विसरलात, आता मलाही इथंच विसरून जा!" तो बिचारा हसत होता. डोळे पुसत होता.

मी दारातच थांबले. मोठ्या सिस्टर त्या दिवशी भिडेखातर गप्प बसल्या असत्या तर? आज हा माणूस कोणाची बोलणी खात बसला असता?

अर्ज फाडून टाकला.

सोमवार, १० जून

धीर करून म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी ओरडलात, फार उपकार झाले."

"उपकार नकोत. नीट मोजत जा."

दुपारी हातमोज्यांवरून पुन्हा झाडलं. बरं वाटलं! घरी सांगितलं तर नवरा म्हणे, डोकं तपासून घे.

शुक्रवार, २१ जून

आज मी ओरडले. चक्क मोठ्या डॉक्टरांवर! "टाके थांबवा! एक गॉज कमी आहे. सापडेपर्यंत सुईला हात लावायचा नाही!" आतच होता. निघाला.

ऑपरेशनच्या टेबलावर आज खुद्द मोठ्या सिस्टर होत्या. भूल देण्याआधी एवढंच म्हणाल्या होत्या, "मोजायला हीच हवी."