सकाळच्या थेंबांची वही

नंदाखाल,
८ जुलै २०२५

प्रिय डेरिक,

तिकडे सगळे सुखरूप असाल. इथे केळी बरी आहेत. आपल्या आयचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. दोनदा लिहून फाडलं.

डॉक्टर सुट्टीवर गेले म्हणून आयचं ऑपरेशन पुढे गेलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं.

डॉक्टर म्हणाले होते ना, "थेंब नियमित घालूनही काचबिंदूचं प्रेशर उतरत नाही. मोतीबिंदू काढतानाच एक बारीक नळीही बसवू." हे त्यांनी माझी थेंबांची वही बघून ठरवलं. आठ महिन्यांच्या खुणा, सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळचे थेंब मी घालते. सकाळचे आय स्वतः घालते असं धरून, शाळेला निघताना मी खूण करायचे. एकदाही बघितलं नाही.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी तिच्या कपाटात सकाळच्या थेंबांच्या सात बाटल्या सापडल्या. सील तशीच.

"कडू पानी घशात उतरतं गो. चर्चला मिस्साला जायच्या आधी पोटात काय जायला नको. कम्युनियन घ्यायचं असतं."

"औषधाने उपास मोडत नाही, आय."

"मग आधी नाय सांगायचं? मास्तरीण ना तू!"

दोन दिवस वही पिशवीत घेऊन फिरले. नळी बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. माझी लाज झाकायला आयच्या डोळ्यात नळी! तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते जरा वेळ वहीच चाळत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं, आधी बोललात. महिनाभर थेंब नीट जाऊ द्या, मग नळीचं ठरवू. मोतीबिंदू थांबू शकतो." थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे घशात कडू उतरत नाही, हेही त्यांनीच दाखवलं.

त्या आठ महिन्यांत आयच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे, डेरिक. ती परत येणार नाही. एवढं एकच वाक्य लिहायचं होतं.

आता रोज मिस्साच्या आधी मी तिच्या डाव्या बाजूला बसून थेंब घालते आणि कोपरा दाबते. बोट काढलं की ती डोळे उघडते आणि मान वळवून मला शोधते.

तुझी,
न बघता खुणा करणारी,
विनिता