प्रिंटर कोण बंद करतं?

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा प्रिंटर गायब! जुन्या कॉम्प्युटरचा घरचा सर्व्हर केला, प्रिंटर त्याला जोडला. म्हटलं, घरातल्या कुणीही मोबाईलवरून प्रिंट काढावी. पण ऐन माझ्या ट्यूशनच्या वेळी, पोरांच्या नीट परीक्षेचे सराव पेपर अर्धे निघाले की बंद. आधी वाटलं, माझंच सेटिंग चुकलं. नाही. भिंतीवरचं बटनच कुणीतरी बंद करतं.

धाकटी जाऊच असणार. ट्यूशनच्या पोरांच्या चपला दारात पडतात, ते तिला खपत नाही. काल विचारलं तर म्हणाली, "मी कशाला हात लावू, ताई?" पण हसली का मग?

म्हणून आज मोबाईलवरून प्रिंट सोडली आणि दाराआड उभी राहिले. प्रिंटर खडखडला. आणि आले कोण, तर सासरे! हळूच बटन बंद केलं आणि भिंतीला तळहात लावून थांबले.

"मामंजी, तुम्ही?"

ते ओशाळले. "पलीकडं माझी खाट हाय की. मशीन चाललं की भिंत थरथरती, भांडी वाजतेत. भूकंपात बी आधी भांडीच वाजली होती. म्हणून बंद करून बघतो. थांबलं तर मशीन. न्हाई थांबलं तर तुम्हाला समद्यांला भाईर काढायचं."

मी प्रिंटरची वायरच काढली.

प्रिंटर लगेच जिन्याखाली हलवला. जड आहे, एकटीला उचलेना. दुसरी बाजू जावेनं धरली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.