तिथीवर भरणारी शाळा

आप्पा, गेल्या महिन्यात मी तुमच्या शाळेत जाऊन आले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्याआधी कितीतरी वर्षं तुम्ही तिथे शिकवलंत, पण माझा पाय त्या वाळूला कधी लागला नव्हता. बोलावणं तिचं होतं. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तुम्ही जिच्याबद्दल बोलायला लागायचात, ती खाडीकाठची मुलगी. आता ती तिथेच शिक्षिका आहे. फोनवर म्हणाली, "ताई, गुरुजींची एकुलती लेक तुम्ही. पोरांना त्यांची एखादी आठवण सांगा." मी हो म्हटलं आणि आठ दिवस आठवण शोधत बसले.

तुमची शाळा मला ऐकूनच माहीत. ओहोटी लागली की बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला खाडीत उतरायच्या, मुलं त्यांच्या मागे, आणि वर्गात उरायचात तुम्ही आणि फळा. मग तुम्हीच चिखल तुडवत वाळूच्या उघड्या पट्ट्यावर जायला लागलात. काठीने वाळूत अक्षरं, शिंपल्यांवर बेरीज-वजाबाकी. वेळापत्रक घड्याळावर नव्हतं, तिथीवर होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्यात सहा मिळवले की ओहोटी. अष्टमीला सहाची भरती, म्हणून शाळा बाराला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी पाणी चढलेलं, तेव्हा शाळा भिंतींच्या आत. मला मात्र तुम्ही अलिबागच्या शाळेत घातलंत. तिथे बाक होते, पंखा होता, पांढरे मोजे लागायचे. तुम्ही घरी यायचात ते पोटऱ्यांवर वाळलेला चिखल घेऊन, आणि चहा होईपर्यंत आईला सांगायचात, आज तिने 'क्ष' काढला, हात मी धरला होता, पण शेवटची उभी रेघ तिची तिने ओढली. मी वही घेऊन शेजारी उभी. माझी वही तुम्ही लाल शाईने तपासायचात, न बसता. नऊ वर्षांची असताना एकदा म्हटलं, मलापण तिकडे न्या. तुम्ही चिडलात. "तुला बाक आहे, बूट आहेत. तिला काय आहे?" तिला तुम्ही आहात, हे उत्तर मला सुचायला वीस वर्षं लागली, आणि तोवर तुम्ही नव्हतात.

ती अजून तशीच शिकवते. बायका पुढे वाकून तिसऱ्या काढतायत, मुलं ओल्या वाळूवर अर्धगोल करून बसलीयत, आणि ती उकिडवी बसून डाव्या हाताने काठी चालवतेय. ती डावखुरी नाही, आप्पा. चहा तिने उजव्या हाताने दिला, फोन उजव्या हाताने घेतला. डावखुरे तुम्ही होतात. मी तुमची मुलगी, आणि हे मी विसरून गेले होते.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले आणि तिची गोष्ट माझी म्हणून सांगितली. मी नऊ वर्षांची होते, पौर्णिमेच्या दुपारी गुरुजींनी मला इथेच बसवलं, हात धरून 'क्ष' काढून घेतला, शेवटची रेघ माझी मी ओढली. पौर्णिमा तोंडात आली, कारण पांढरे कपडे घालून बुद्धवंदनेला तुम्ही आमच्यात बसायचात तो दिवसच मला धड आठवतो. पुढे बसलेली एक मुलगी बोटं मोजत होती. "पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा," ती म्हणाली. "पुनवेला दुपारी हितं भरती आसते. मंग गुरुजी काय होडीत बसून शिकवत व्हते?" सगळा अर्धगोल हसला. तिसऱ्या काढणाऱ्या बायकासुद्धा.

तुमची विद्यार्थिनी हसली नाही. काठीने वाळू सारखी करत म्हणाली, "ताई ल्हान व्हत्या तवा. तिथी इसरल्या आसतील." नंतर काठाकडे येताना माझा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला, तर तिने हात धरून मला बाहेर काढलं. आपलीच गोष्ट तिला ओळखू आली नसेल असं कसं होईल?  पण रिक्षा सुरू झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "गुरुजी तुमच्याबद्दल लय सांगायचे आमाला." काय सांगायचे, ते मी विचारलं नाही. तिचा नंबर आहे माझ्याकडे. महिनाभर रोज विचारता आलं असतं. पण माझं कौतुक केलं असेल तर तेही तुम्ही तिच्यापाशी केलंत, आणि आता ते ऐकायला मला तिच्या दारात उभं राहावं लागणार. त्याचाच राग येतो.

हे पत्र तिला वाचायला द्यावं, म्हणजे माफी मागितल्यासारखं होईल, असं काल वाटलं होतं. पाकिटावर तिचा पत्ताही घातला. मग फाडलं पाकीट. तुम्हाला लिहिलेलं एवढं तरी तिच्या हातात जायला नको.