इल्दाबाईंच्या मागे झील धरताना

एर्लांगेन,
रविवार, दुपार

प्रिय आई,

सप्रेम जय भीम. फोनवर रोज बोलतो, मग हे पाकीट कशाला, असं तुला वाटेल. व्हिडिओ कॉलवर तुझ्याभोवती सगळं घर असतं, म्हणून लिहायला बसले. तू सावकाश वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढलंय. बाबांकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच.

आमच्या खालच्या मजल्यावर इल्दाबाई राहतात, हे तुला सांगितलं होतं. कोलंबियाच्या, शहात्तर वर्षांच्या. लेक मारिसोल इथे नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिने त्यांना इकडे आणलं. पण त्या गायिका आहेत हे मला फार उशिरा कळलं. तळघरात आम्हा सगळ्या भाडेकरूंचं वाशक्यूशे आहे, कपडे धुण्याची खोली. फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी मी कपडे घेऊन उतरले तर आतून आवाज. मशीन फिरतंय, इल्दाबाई टबच्या बुडावर थाप मारताहेत आणि गाताहेत. एक ओळ म्हणायची, थांबायचं. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबायचं. मला वाटलं, शब्द विसरल्या. मारिसोलने नंतर सांगितलं, ती जागा झील धरणाऱ्या, मागून ओळ उचलणाऱ्या बायकांची. त्या बायका इथे नाहीत, तरी आई त्यांच्यासाठी थांबते. वर घरात गायलं की शेजारी रूएत्साइटचा, शांततेच्या वेळांचा कागद दाखवतात, म्हणून तळघर.

मग मीही माझे कपडे त्याच वेळेला लावायला लागले. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा मोडकं. अडलं की मारिसोल सांगायची. समुद्राजवळ, नदीकाठी त्यांचं गाव. आई आणि मावशी गायच्या. साथीला ढोल आणि टाळ्या, बाकी काही नाही. इल्दाबाई केळीच्या मळ्यात घड धुवून खोक्यांत भरायच्या. सात मुलं झाली, चार जगली. सणाला गायचं, मयताच्या घरी गायचं. त्याला कोणी कला म्हणत नव्हतं. नवऱ्याला गाणं खपायचं नाही. तो गेल्यावर, बावन्नाव्या वर्षी, जवळच्या शहरातल्या उत्सवात त्या पहिल्यांदा माइकसमोर उभ्या राहिल्या. माइक धरायची सवय नव्हती, तो दुसऱ्या बाईने धरला. साठाव्या वर्षी पहिली सीडी निघाली. मग राजधानीत कार्यक्रम, मग मेक्सिको, फ्रान्स. परत आल्या की पुन्हा अंगणात मासे खारवायला बसायच्या. हे सगळं त्या भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगतात.

मे महिन्यात इथल्या चर्चच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम ठरला. ढोलवाला न्यूर्नबर्गहून मिळाला, पण झील धरायला बायका नव्हत्या. मारिसोलने हॉस्पिटलमधल्या दोघींना धरलं आणि मला. मी म्हटलं, मला गाता येत नाही. इल्दाबाईंनी माझे दोन्ही हात धरून टाळी वाजवून घेतली. तिसऱ्या फेरीला मी ओळ बरोबर जागेवर उचलली. पुढेही चुकले नाही. त्या गायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या घरी कोण गातं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

कार्यक्रम छान झाला. शंभरेक माणसं होती. जर्मन आज्या भलत्याच ठेक्यावर टाळ्या वाजवत होत्या आणि खूश होत्या. इल्दाबाई खुर्चीत बसून गायल्या, शेवटच्या गाण्याला मात्र मारिसोलचा खांदा धरून उभ्या राहिल्या. पण मला माझं ते उत्तर सोडेना. कारण ते मी आधीही एकदा दिलं होतं.

मी नववीत होते. जयंतीची संध्याकाळ. परभणीला आपल्या वस्तीतल्या स्टेजवर तू गात होतीस, निळ्या काठाची पांढरी साडी, मागे सुकन्यामावशी आणि बाकीच्या. नव्या शाळेतली वीणा तिच्या वडिलांबरोबर रस्त्यावरून जाताना मला बघून थांबली. गाणं संपता संपता तिने विचारलं, काय आवाज आहे गं, कोण या बाई, ओळखतेस? मी म्हटलं, नाही, असतील वस्तीतल्या कोणी. ती गेली. मी वळले तर तू पाणी प्यायला खाली उतरून माझ्या मागेच उभी होतीस. पाणी पिऊन पुन्हा स्टेजवर चढलीस. पुढच्या वर्षी माइक सुकन्यामावशीच्या हातात दिलास. म्हणालीस, घसा धरतो हल्ली. बावीस वर्षं झाली, तुझा घसा धरलेलाच आहे, आणि घरात कोणी कधी त्यावर औषध आणलं नाही. मीही नाही. मला कारण माहीत होतं.

काल इल्दाबाईंना मी हे सगळं सांगितलं. मारिसोल नव्हती, त्यामुळे दोघींच्या मोडक्या जर्मनमध्ये. त्यात आडवळणाचे शब्दच नव्हते. त्या चादरीची घडी घालत होत्या. घडी पुरी करून म्हणाल्या, "मला काय सांगतेस? तिला सांग." म्हणून हे पत्र. आई, मला तुझी लाज वाटली होती. तू ते ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी गप्प राहिले. तू पुन्हा गावंस असं मागायला लिहीत नाहीये. ते तुझं तू ठरव. वीणा आता बंगलोरला असते. तिला आज सकाळी मेसेज केला, की नववीत असताना तू जिचं नाव विचारलं होतंस ती गयाबाई, माझी आई. हे पत्र पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर आलं. तो आवाज तिला अजून आठवतो म्हणते.

तुझीच,
मैत्री