व्ही अधिक चार

४ एप्रिल १९९८, शनिवार, सकाळी ७

नवी वही. नवा सीझन, बाविसावा. या वर्षी हनीकट स्पीडवेवर एक तरी रेस जिंकायचीच. मागच्या एकवीस वर्षांतही हेच ठरवलं होतं, पण तेव्हा लिहून ठेवलं नव्हतं. फरक तिथेच पडतो.

काल बायकोशी, आर्डिथशी, बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. म्हणाली, बावीस वर्षं तुझी रेसची गाडी गॅरेजात उबेला झोपते आणि माझी ब्यूक अंगणात कुडकुडते. हिवाळ्यात तिला पहाटे पाचला मोज्यांच्या गिरणीत पोचायचं असतं, त्याआधी काचेवरचं बर्फ खरवडायचं. गारांचे पोचेही तिने मोजलेत. एकशे बारा. म्हणाली, या सीझनला एक रेस जिंक, फक्त एक. नाही जिंकलास तर तुझी बाहेर, माझी आत. मी ताबडतोब हात पुढे केला. बिचारीला वाटतंय, तिने मला कोंडीत पकडलं.

संकल्प: वीस पौंड उतरवणे. बलोनी सॉसेजचं सँडविच बंद. गोड चहा बंद. हेल्मेटमध्ये शिव्या देणे बंद (रेडिओवर ऐकू जातं).

५ एप्रिल, रविवार

एकोणीस गाड्यांत सतरावा. तिसऱ्या वळणावर सूर्य थेट डोळ्यांत येत होता. इतरांच्याही येत असणार, पण माझे डोळे निळे आहेत.

मागच्या वेगवान गाडीला वाट द्या, असा निळा झेंडा असतो. तो काल फ्लॅगमनने सहा वेळा माझ्याकडे बघून हलवला. त्याला डोळे तपासून घे म्हणून सांगायला हवं.

सँडविच एक खाल्लं. पिटमागे, म्हणजे गाड्यांची डागडुजी होते तिथे मागे, मिस ओपलची टपरी आहे. बलोनीची बोटभर जाड चकती तव्यावर टाकून ती माझी वाटच बघत होती. आता टाकलीच आहे तर काय करणार? नंतर दुसरं. पुढच्या शनिवारपासून बंद.

१९ एप्रिल, रविवार

हॉबर्टने नियम पुन्हा समजावला. हॉबर्ट म्हणजे आर्डिथचा धाकटा भाऊ, माझा मेकॅनिक. माणूस हुशार, पण वहीतून मुंडकं वर काढेल तर शपथ. नियम असा, की रेस संपल्यावर पहिल्या तिघांना काट्यावर घेतात. गाडी आणि आत बसलेला ड्रायव्हर मिळून बत्तीसशे पौंड भरले पाहिजेत. एक जरी कमी भरला तर नाव कट. आणि जास्त भरले तर गाडी जड, म्हणजे हळू. आमची बत्तीसशे एकसष्ट भरते. हॉबर्ट म्हणाला, बाकीचे लोक वजन भरावं म्हणून गाडीत शिसं ठोकतात, आपल्याकडे तू आहेस.

हसलो नाही. म्हटलं, वीस पौंड मी उतरवतो, बाकीचं तू बघ. तो बरं म्हणाला आणि एकसष्टच्या एकसष्ट पौंड गाडीतून कसे काढायचे ते वहीत लिहायला बसला. माणसावर विश्वास म्हणून नाही.

१० मे, रविवार

सोळावा. टायर.

बाथरूममधला काटा दोनशे अठ्ठेचाळीस दाखवतो. सीझनच्या सुरुवातीला दोनशे सेहेचाळीस होतो. तिथली फरशी एका बाजूला कलली आहे, काटा बिघडणारच. स्वयंपाकघरात नेऊन ठेवला तर दोनशे पन्नास. तिथली फरशी तर आणखीच वाईट.

१४ जून, रविवार

पंधरावा. प्रगती.

म्हातारा गॅलिमोर पुन्हा जिंकला. वय अडुसष्ट, निवृत्त पोस्टमन, डाव्या गुडघ्यात स्टीलचा सांधा. माझ्या मते तो सांधाच त्याला फायद्याचा पडतो. क्लच दाबताना दुखत नाही. लेस्टरला, म्हणजे काट्यावरच्या माणसाला, हे नियमात बसतं का म्हणून विचारलं. तो म्हणाला, व्हर्जिल, घरी जा.

काल सँडविच खाणार नव्हतो. पण मिस ओपलच्या (इथे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) नवऱ्याचं ऑपरेशन झालंय. अशा वेळी माणसाने माणसाला आधार द्यायचा असतो. दोन.

५ जुलै, रविवार

स्वातंत्र्यदिनाची रेस. आतषबाजी, बँड, पाच हजार माणसं. दुसऱ्या फेरीत भिंतीला लागलो.

हॉबर्ट म्हणतो, मी रेडिओवर तीनदा डावीकडे म्हणालो. मला कसं कळणार, तो किती डावीकडे म्हणतोय? इथे सगळी वळणं डावीकडेच असतात.

२ ऑगस्ट, रविवार

अकरावा! गेल्या सहा वर्षांतला सर्वोत्तम क्रमांक. आर्डिथने विचारलं, शेवटी किती गाड्या उरल्या होत्या? मी म्हटलं, अकरा. ती भांडी घासायला लागली. तिच्या पाठीवरून कळत होतं.

आनंदात तीन सँडविच झाली. याला अपवाद समजावा.

२३ ऑगस्ट, रविवार, सकाळी

तेरावा. पाच रेस उरल्या.

काल निघायच्या आधी आर्डिथ टेप घेऊन गॅरेज मोजत होती. सहज, म्हणाली. भिंतीवर एक खिळाही ठोकलाय, ब्यूकच्या किल्लीसाठी. तो काढून टाकणार होतो, पण हातोडी सापडली नाही.

सकाळी उठून गाडीत जाऊन बसलो. नुसताच, इंजिन बंद ठेवून. कोणाशी बोलणार नाही, म्हणून इथे लिहितो. मला भीती वाटते. चोपन्न वर्षांचा झालो. सोमवार ते शुक्रवार पशुखाद्याच्या गोदामात पोती उचलतो, तिथे मला सगळे 'तो जाडा' म्हणतात. शनिवारी मात्र गाडीच्या दारावर माझं नाव रंगवलेलं असतं. माइकवर कोणीतरी ते मोठ्याने वाचतं. सतराव्या नंबरचं का असेना, वाचतं. ही गाडी बाहेर गेली, तर शनिवारी मी कोण?

पुरे. संकल्प: उद्यापासून पहाटे धावणे.

२४ ऑगस्ट, सोमवार

बूट ओले होते.

६ सप्टेंबर, रविवार

बारावा. पण मोठी बातमी आहे. हॉबर्टने गेल्या चार महिन्यांत गाडीतून काय काय काढलंय कोण जाणे. दारातले पत्रे, बंपरचा आतला भाग, हीटरचा सांगाडा. म्हणाला, आता हिशेब पौंडावर आलाय.

तो हात धुवायला गेला तेव्हा त्याची वही बघितली. प्रत्येक शनिवारच्या पानावर शेवटी एकच ओळ आहे: 'व्ही + ४'. एप्रिलपासून प्रत्येक पानावर. व्ही म्हणजे व्हिक्टरी, दुसरं काय. चार म्हणजे चौथं वळण. माझा विजय चौथ्या वळणावर होणार, असं त्याने पहिल्यापासून मनात धरलंय आणि तोंडावर बोलून दाखवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. सख्ख्या भावाने केलं नसतं.

१३ सप्टेंबर, रविवार

पाऊस. रेस रद्द. सँडविच मात्र रद्द झालं नाही. मिस ओपल म्हणाली, तू येणार हे माहीत होतं, म्हणून पावसात तवा तापवला.

२० सप्टेंबर, रविवार

नववा. खरोखरचा नववा, मागे सहा गाड्या होत्या. गाडी हलकी लागतेय, वळणात स्वतःहून आत घुसते. गॅलिमोर येऊन म्हणाला, व्हर्जिल, आज आरशात तुझी गाडी दिसली, आधी ओळखलीच नाही.

एक रेस उरली.

२६ सप्टेंबर, शनिवार, पहाटे ५:३०

झोप नाही. आर्डिथ आज ट्रॅकवर येणार आहे. नऊ वर्षांनी. म्हणाली, शेवटची आहे तर बघते.

आज एकच संकल्प, आणि तो इथेच लिहितो, कोणाला सांगणार नाही: आज सँडविच नाही. चहा नाही. काही नाही. वीस पौंड उतरले नाहीत, धावलो नाही, सगळं मान्य. पण आज एक शब्द पाळणार. हॉबर्टने पौंड पौंड करून गाडी हलकी केली, माझ्याकडून एवढं तरी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५:४०, ट्रकमध्ये बसून

तीन वाजता हॉबर्टने नेहमीप्रमाणे मला गाडीत बसवून काट्यावर घेतलं आणि वहीत लिहिलं. पाच वाजता मिस ओपलच्या टपरीपाशी गेलो. दोन्ही सँडविच कागदात बांधून तयार. चहाचा जगही. नको म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. बरं नाही का, विचारलं.

परत आलो तर हॉबर्ट म्हणाला, खाल्लंस? म्हटलं, हो, दोन्ही, आणि चहा. नाही म्हटलं असतं तर हसला असता, सात वाजेपर्यंत तरी टिकशील का म्हणाला असता. जिंकल्यावर सांगीन. तेव्हा त्याचं तोंड बघायचंय.

पोट ओरडतंय. पण आतून फार हलकं वाटतंय.

२७ सप्टेंबर, रविवार

जिंकलो.

नीट लिहितो. सुरुवातीच्या जागा कॉफीच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरल्या. मला तिसरी. तीस फेऱ्या. पंचविसाव्या फेरीपर्यंत मी चौथा होतो आणि कोणी मला ढकलून पुढे जात नव्हतं. ही भावनाच नवीन. एकोणतिसाव्या फेरीत गॅलिमोर सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या पुढ्यात एक रखडलेली गाडी आली. तिला निळा झेंडा दाखवत होते, ती बघत नव्हती. कोण होता कोण जाणे, असल्या माणसांना ट्रॅकवर येऊच द्यायला नको. गॅलिमोर तिला अडकला, मागचे दोघे त्याच्यावर आपटले, आणि चौथ्या वळणावर आतल्या कडेने एका गाडीपुरती जागा झाली. मी घुसलो.

चौथं वळण. व्ही अधिक चार.

झेंडा पडला, आणि मी हेल्मेटमध्ये मोठ्याने रडलो. सगळ्या पिटने ऐकलं. आणखी तीन फेऱ्या मारल्या, मग हॉबर्ट म्हणाला, व्हर्जिल, थांब आता, संपली रेस.

आर्डिथ जाळीचं दार ढकलून आत आली. ट्रॉफीचा एक कान तिने धरला, एक मी. फोटोवाला हसा म्हणाला, तेवढ्यात माझ्या कानाशी ती म्हणाली, असू दे रे, ब्यूकला थंडीची सवय आहे.

मग काटा. बावीस वर्षांत रेसनंतर कधी तिथे बोलावणं आलं नव्हतं. रात्रीची रांग कुठून लागते, तेही विचारावं लागलं. लेस्टरने आकडा बघितला. टिचकी मारली. मला खाली उतरवून पुन्हा चढवलं. एकतीसशे सत्त्याण्णव.

हॉबर्टने वही काढली. बेरीज पुन्हा केली. म्हणाला, शक्यच नाही, जळलेलं पेट्रोल धरून, घाम धरून, मी एक पौंड वर ठेवलाय. बत्तीसशे एक यायला हवं. मग तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. विचारलं, व्हर्जिल, संध्याकाळी काय खाल्लंस?

मागे गर्दीत मिस ओपल होती. ती म्हणाली, कुठे काय खाल्लंन, दोन्ही तशीच बांधलेली आहेत माझ्याकडे.

हॉबर्टने वही मिटली. चिडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, व्ही म्हणजे तू रे. व्हर्जिल. चार म्हणजे दोन सँडविच आणि एक जग भरून चहा. मी तीनला वजन करतो, तू पाचला खातोस. बावीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही. या गाडीतली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी दगा देते, ही एक सोडून. तिच्यावर मी अख्खी गाडी बेतली होती.

गॅलिमोर वाकलेल्या पत्र्यानिशी दुसरा आला होता. ट्रॉफी त्याला दिली. अशी नको होती, म्हणाला. पण घेतली.

२८ सप्टेंबर, सोमवार

आर्डिथ सकाळी म्हणाली, आपलं ठरलं होतं ते रेस जिंकायचं. तू पहिला आलास, मी डोळ्यांनी बघितलं. लेस्टरचा काटा आपल्या बोलण्यात नव्हता. राहू दे गाडी आत.

तिचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ माझ्याकडेही कारणं आहेत. इथे लिहायला घेतली होती. दोन ओळी झाल्यावर खोडली.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आज कुठे जायचं नव्हतं. गाडी ढकलून बाहेर काढली, एकट्याने. परड्यात कुंपणाजवळ लावून ताडपत्री घातली. ताडपत्री आखूड पडली, दारावरचं नाव उघडंच राहिलं. ब्यूक आत घेतली आणि किल्ली खिळ्याला लावली. आर्डिथ खिडकीतून बघत होती. ती बाहेर आली नाही, मीही हाक मारली नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ६

रात्री पहिलं दव गोठलं. अंगण पांढरं.

पहाटे आर्डिथ गिरणीला निघाली. बावीस वर्षं मी पांघरुणातून बर्फ खरवडल्याचा आवाज ऐकत आलो. आज नुसता गॅरेजच्या दाराचा आवाज आला, आणि ब्यूक एका झटक्यात सुरू झाली.

उठलो. काट्यावर उभा राहिलो. मग बलोनीच्या दोन जाड चकत्या तळल्या, दोन सँडविच केली आणि एक जग भरून गोड चहा घेऊन उभ्याउभ्याच संपवलं. पुन्हा काट्यावर उभा राहिलो.

बरोबर चार पौंड. काट्यात काहीही बिघाड नाही.